बुटात खडा गेला तरी कळत नाही

आज इथे बसलेल्या बहुतेकांना उद्या पुण्यात किंवा नवी मुंबईत बसून अमेरिकेतले चार्ट कोड करायचे आहेत, म्हणजे तिथल्या पेशंटच्या नोंदी वाचून प्रत्येक निदानाला आयसीडी-१० या यादीतला कोड द्यायचा आहे. म्हणून एकच जखम घेऊ. भांडी घासताना काचेचा ग्लास फुटला, तुकडा डाव्या पायाच्या बाहेरच्या घोट्याखाली लागला. इमर्जन्सीच्या डॉक्टरांनी लिहिलं: तीन सेंटीमीटरची चीर, पायाच्या बाहेरच्या कडेला बधिरपणा. टाके घातले, सर्जनकडे जायला सांगितलं.

आता कोड कोणता? एव्हाना कोणीतरी मनात ‘सुरल नर्व्ह’ म्हटलंय, म्हणजे तिथली संवेदना नेणारी नस (रक्तवाहिनी नव्हे, मज्जातंतू). शरीररचना पक्की आहे, छान! सुरल नर्व्ह त्याच घोट्यामागून जाते आणि करंगळीपर्यंतच्या कडेला संवेदना देते. पण डॉक्टरांनी नस कापल्याचं लिहिलेलं नाही. बधिरपणा हे लक्षण आहे, निदान नाही. आपल्याला कळलं म्हणून आपण कोड लावायचा नसतो. या चार्टला घोट्याच्या चिरेचा कोड, एस९१.०१२ए, बधिरपणाचा आर२०.० आणि काचेसाठी डब्ल्यू२५.एक्सएक्सएक्सए. शंका असेल तर डॉक्टरांना क्वेरी, म्हणजे लेखी प्रश्न, पाठवा.

दोन दिवसांनी सर्जनने जखम उघडली. ऑपरेशन नोटमध्ये स्पष्ट: सुरल नर्व्ह पूर्ण तुटलेली, शिवली. आता एस९४.३ उघडतो, म्हणजे घोटा आणि पाऊल या पातळीवरच्या त्वचेच्या संवेदी नसेची इजा. हीच नस पोटरीत तुटली असती तर एस८४.२. नस तीच, पण कोड पातळीवर ठरतो. पाचवा आकडा बाजू सांगतो: उजवा १, डावा २. सहावी जागा रिकामी, तिथे एक्स. सातवं अक्षर भेटीचं: ए म्हणजे ‘इनिशियल’, डी म्हणजे नंतरची भेट, एस म्हणजे इजेचा मागे राहिलेला परिणाम.

इथे मी स्वतः चुकले होते, सुरुवातीच्या दिवसांत. पेशंट आधी इमर्जन्सीत येऊन गेलेला, म्हणजे ही दुसरी भेट, म्हणून मी डी लावला. ऑडिटरने चार्ट परत पाठवला. ‘इनिशियल’ या शब्दाने फसायला होतं. ए म्हणजे पहिली भेट नव्हे. इजेवर प्रत्यक्ष उपचार चालू आहेत तोवर ए. सर्जन वेगळा, दिवस वेगळा, तरी नस शिवणं हा उपचारच. म्हणून एस९४.३२एक्सए. डी येतो तो नंतर, टाके काढताना, तपासणीला येताना.

क्रमाचाही नियम आहे, आणि तो मला फार शहाणपणाचा वाटतो. मुख्य इजा जखमेची आणि नसेला किरकोळ धक्का असेल तर जखम आधी. नसेचीच इजा मुख्य असेल तर नस आधी. इथे सर्जन नसेसाठीच आत गेला, म्हणून एस९४.३२एक्सए वर आणि चिरेचा कोड खाली.

१ ऑक्टोबर २०१५ च्या आधी अमेरिकेत आयसीडी-९ ही जुनी यादी होती. तेव्हा या सगळ्यासाठी ९५६.४ एवढाच कोड. अख्ख्या पायाच्या संवेदी नसा त्यात, डावं-उजवंही नाही. आजही एक गोष्ट कोडमध्ये मावत नाही. सेडन या ब्रिटिश सर्जनने १९४३ मध्ये नसेच्या इजेचे तीन प्रकार सांगितले: नुसता धक्का, आतले तंतू तुटणं, पूर्ण नस तुटणं. पहिला काही आठवड्यांत बरा होतो. तिसऱ्यात शिवल्यावरही तंतू दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढतात. तिघांनाही एस९४.३च. म्हणून सर्जनची नोट शेवटपर्यंत वाचा, नुसतं शीर्षक बघून पुढचा चार्ट उघडू नका.

तोच पेशंट वर्षाने पुन्हा आला. जखम भरलेली, व्रण पांढरा. नोटमध्ये एक ओळ होती: बुटात खडा गेला तरी त्या कडेला कळत नाही, मोजे काढल्यावर फोड दिसतो. डॉक्टरांनी लिहिलं, जुन्या नसेच्या इजेमुळे बधिरपणा. इथे आर२०.० आधी, आज त्याला जे होतंय ते. त्यामागे एस९४.३२एक्सएस, ते कशामुळे होतंय ते.