कॅप्टनची वर्दी चढवली, की झालं!

१६ ऑक्टोबर १९०६. बर्लिनमध्ये विल्हेल्म फोग्ट नावाचा ५७ वर्षांचा मोची रस्त्यात काही सैनिकांना अडवतो आणि फर्मावतो, चला माझ्यामागे. आणि ते निघतात! का? तर अंगावर कॅप्टनची वर्दी. तीही जुन्या बाजारातून जमवलेली. निम्मं आयुष्य तुरुंगात गेलेला हा गडी त्यांना ट्रेनने बर्लिनजवळच्या क्योपेनिक गावी नेतो, नगरपालिकेत घुसतो, थेट नगराध्यक्षांना अटक करतो आणि साडेतीन हजारांवर मार्क घेऊन पसार होतो. वर रोकड मिळाल्याची पावती देतो. सही खोटी, पण पावती दिली!

हे खरंच घडलंय बरं का. त्यावर कार्ल त्सुकमायरने १९३१ मध्ये नाटक लिहिलं आणि त्यावरून १९५६ मध्ये हेल्मुट कॉयटनरने रंगीत चित्रपट केला, 'क्योपेनिकचा कॅप्टन'. ऑस्करचं नामांकनही मिळालं.

फोग्ट झालाय हाइन्त्स र्यूमान. त्याला काम हवंय. मालक म्हणतो, आधी राहण्याचा परवाना दाखव. पोलीस म्हणतात, आधी काम दाखव. या खेपा घालताना र्यूमानची मान खाली, आवाज घशातल्या घशात. वर्दी चढते आणि त्याच माणसाचा आवाज खणखणीत होतो. मग नगराध्यक्ष विचारतात, अटकेचा कागद कुठंय? जन्मभर ज्याला कागदापायी हाकललं, त्याच्याकडे पुन्हा कागदच मागतायत! तो नुसता सैनिकांच्या संगिनी दाखवतो. विषय संपला.

आता तारखा बघा. पश्चिम जर्मनीचं नवं सैन्य उभं राहिलं नोव्हेंबर १९५५ मध्ये. सक्तीच्या लष्करी सेवेचा कायदा झाला जुलै १९५६ मध्ये. आणि ऑगस्टमध्ये हा चित्रपट आला! थिएटरात हसणाऱ्या कितीतरी बाप्यांनी अकरा वर्षांपूर्वीपर्यंत हिटलरच्या सैन्यात स्वतःच टाचा जुळवल्या होत्या.

माझी तक्रार इथेच आहे. हसायचं कुणाला, तर कैसरच्या, म्हणजे जर्मन सम्राटाच्या काळातल्या मिशाळ अधिकाऱ्यांना. म्हणजे आजोबांना हसा, स्वतःकडे बघू नका. त्सुकमायरला नाझींमुळे देश सोडावा लागला होता, निर्माता ग्युला ट्रेबिच छळछावणीतून वाचला होता. ही माणसं याहून बोचरं काही करू शकली असती. पण र्यूमान इतका गोड वाटतो, की राग येतच नाही.

खऱ्या फोग्टला चार वर्षांची शिक्षा झाली. १९०८ मध्ये खुद्द कैसरने ती माफ केली, आणि पठ्ठ्या हीच करामत रंगमंचावर सांगून पैसे कमवायला लागला.