तंत्रज्ञान तयार होण्याआधी केलेला करार

नमस्कार. स्पर्धेत टिकायचे तर नवे तंत्रज्ञान हवे, हे बहुतेक कंपन्यांना मान्य असते. पण ते नेमके किती तयार झाल्यावर ग्राहकाला शब्द द्यायचा, या प्रश्नावर भल्याभल्या कंपन्या घसरतात.

1968 साली ब्रिटनच्या रोल्स-रॉईसने लॉकहीडच्या ट्रायस्टार विमानासाठी आरबी211 हे इंजिन ठरलेल्या किमतीत देण्याचा करार केला. इंजिनाच्या पंख्याची पाती धातूऐवजी ‘हायफिल’ नावाच्या कार्बन फायबर कंपोझिटची केली तर वजन घटेल, असा त्यामागचा विचार होता आणि तो मुळीच चुकीचा नव्हता. मात्र मे 1970 मध्ये, विमानाला पक्षी धडकतो त्याची नक्कल म्हणून कोंबडी वेगाने पंख्यावर मारली गेली, तेव्हा पात्यांचे तुकडे झाले. (चाचणी हास्यास्पद वाटते खरी, पण पक्ष्याच्या धडकेची परीक्षा आजही कोणत्याही नव्या जेट इंजिनाला चुकत नाही.) टायटॅनियमच्या पात्यांचे काम समांतर चालू ठेवलेले असल्यामुळे इंजिन वाचले, कंपनी मात्र वाचली नाही: विकासखर्च मूळ अंदाजाच्या जवळजवळ दुप्पट झाला, 4 फेब्रुवारी 1971 रोजी कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली आणि अखेर सरकारला ती ताब्यात घ्यावी लागली.

येथे तंत्रज्ञानाचा विकास आणि उत्पादनाचा विकास ही दोन भिन्न कामे एकाच वेळापत्रकात कोंबली गेली होती. पहिल्या कामात अपयश ही माहिती असते. दुसऱ्यात तेच अपयश दंड, विलंब आणि रुसलेला ग्राहक घेऊन येते. म्हणून नासाने 1970 च्या दशकात तंत्रज्ञानाची सज्जता मोजणारी श्रेणी आखायला सुरुवात केली. तिच्यात आज 9 पायऱ्या आहेत: पहिलीवर केवळ मूलतत्त्व, सहावीवर प्रत्यक्षासारख्या परिस्थितीत चाललेला नमुना, नववीवर खऱ्या मोहिमेत सिद्ध झालेली यंत्रणा. माझ्या मते पायरी ठरवण्याचा अधिकार प्रकल्पप्रमुखाकडे असू नये, कारण आपले अपत्य पाचवीवरच अडकले आहे हे त्याला शेवटी दिसते.

कंपोझिटची पाती पुढे आलीच. जनरल इलेक्ट्रिकचे जीई90 इंजिन 1995 मध्ये ती घेऊन सेवेत दाखल झाले, आणि पक्ष्यांचा मार झेलणारी त्या पात्यांची पुढची कड टायटॅनियमची होती.