मुलाखतीआधी फोन लावून पाहा

आत्ता ओळख करून देताना माझा उल्लेख 'वेबसाइट चालवणाऱ्या ताई' असा झाला. बरं वाटलं. घरी सासूबाई अजून 'ती कंप्युटरवर बसते' एवढंच सांगतात. घरी बसून, दिवसाला चार तास, बडोद्यातल्या आपल्या भागाची वेबसाइट सांभाळायची, या नोकरीत नेमकं करायचं काय हे मुलाखतीला बसेपर्यंत मलाही धड ठाऊक नव्हतं.

चहाच्या वेळी तुमच्यापैकी दोघी-तिघींनी विचारलं, वर्डप्रेस, म्हणजे वेबसाइटवर मजकूर चढवायचं सॉफ्टवेअर, यायलाच हवं का? शिका, कामापुरतं पंधरा दिवसांत येतं. माझ्या मुलाखतीत त्यावर पाच मिनिटंही गेली नाहीत.

मी एकच शहाणपणा केला होता. आदल्या दिवशी ती वेबसाइट मोबाइलवर उघडून बसले. पहिल्याच पानावर गेल्या वर्षीच्या गणपतीतल्या आरतीच्या वेळा. खाली 'तातडीचे नंबर'. सहज रुग्णवाहिकेचा नंबर लावला, तर तो मिठाईच्या दुकानात लागला. मग मी हट्टालाच पेटले. वही घेतली आणि अकराच्या अकरा नंबर लावून पाहिले. चार बरोबर निघाले, पाच बंद, एक ते मिठाईवाले, आणि एक गृहस्थ म्हणाले, "ताई, मला रिटायर होऊन सहा वर्षं झाली. पण तुमचं काम काय होतं?" चांगला माणूस. त्यांनीच नवा नंबर दिला.

दुसऱ्या दिवशी स्क्रीनवर तिघे जण आणि माझ्या मागे कुकर. दुसरी शिट्टी झाली तेव्हा मी सरळ सांगितलं, "दोन मिनिटं द्या, गॅस बंद करून येते." आल्यावर वहीचं ते पान कॅमेऱ्यापुढे धरलं. शिक्षण आणि अनुभव हे ठरलेले प्रश्न त्यानंतर कोणी विचारलेच नाहीत.

विचारलं ते मगरीबद्दल. बाहेरगावच्या माणसाला हसू येईल, पण आपल्या विश्वामित्री नदीच्या काठी राहणाऱ्याला येणार नाही. ऑगस्ट २०२४ च्या पुरात, २७ ते २९ तारखेच्या तीन दिवसांत, वन खात्याने वस्तीतून २४ मगरी पकडल्या होत्या. तर प्रश्न असा: रात्रीचे साडेअकरा, धो धो पाऊस, कोणीतरी फोटो पाठवलाय, 'आमच्या गल्लीत मगर'. टाकाल का? मी मोठ्या रुबाबात म्हटलं, खात्री झाल्याशिवाय काही टाकणार नाही, सकाळी बघू. त्यांच्यातले वयस्कर काका म्हणाले, "सकाळपर्यंत मगर थांबेल?"

माझी बोलती बंद झाली. मग विचार करून उत्तर दिलं, आणि आजही मी तसंच करते. आधी वन खात्याला फोन, कारण फोटो जुना निघाला तर एक फोन फुकट गेला, एवढंच. मग पाठवणाऱ्याला विचारायचं: हा फोटो तू स्वतः काढलास का? आत्ता? कोणत्या घरासमोर? फॉरवर्ड होऊन आलेला फोटो असेल तर माणूस दुसऱ्याच प्रश्नाला अडखळतो. मग त्याच गल्लीतल्या ओळखीच्या घरी फोन. दहा मिनिटांचं काम आहे, पण त्यासाठी त्या गल्लीत ओळखीचं घर हवं ना! दांडिया बाजारात, रावपुऱ्यात, वाडीत तुमची किती घरांशी ओळख आहे, ती तुमची खरी पात्रता. बायोडेटात तिला रकाना नसतो, म्हणून तोंडाने सांगा.

लेखी परीक्षाही होती. पाणीपुरवठ्याची गुजराती सूचना, तिचं चार ओळींत मराठी करायचं. त्यात 'काले' पाणी येणार नाही असं होतं. गुजरातीत 'काले' म्हणजे उद्याही. आपला मराठी डोळा ते 'काल' वाचतो आणि म्हणतो, गेलं एकदाचं! आपण बडोदेकर दोन्ही भाषा एका वाक्यात कालवतो, म्हणून हे लक्षातच येत नाही. मी 'उद्या' लिहिलं. अर्थ बरोबर, तरी अर्धेच गुण. वाचणारा ते परवा उघडेल, त्याचा 'उद्या' कोणता? तेव्हापासून वार आणि तारीख दोन्ही घातल्याशिवाय मी ओळ सोडत नाही.

आता तुम्ही काय विचारायचं. पगार विचाराच, लाजू नका. पण त्याआधी विचारा, चार तास म्हणजे कोणते चार? मी हे विचारलं नाही, आणि पहिल्याच गणपतीत पहाटे साडेपाचला 'आरतीचा फोटो अजून का नाही?' असे निरोप यायला लागले. घरून काम म्हटलं की लोकांना वाटतं, ही बाई घरीच तर आहे. निधनाची बातमी चुकली तर ती काढायची कोणी, हेही तेव्हाच ठरवून घ्या. एकदा नामसाधर्म्यामुळे माझी चुकली. सकाळी त्या गृहस्थांचाच फोन आला. फार शांतपणे म्हणाले, "मी आत्ता चहा घेतोय."

एक प्रश्न मात्र मी त्या दिवशी बरोबर विचारला होता. वेबसाइटचं नाव, म्हणजे तिचा इंटरनेटवरचा पत्ता, नोंदवलंय कोणाच्या नावावर? तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. काकांनी फोन काढला, कोणाला तरी विचारलं. नाव एका भाच्याने घेतलं होतं, तो कॅनडात होता, आणि नोंदणीची मुदत संपायला नऊ दिवस उरले होते.

"ताई," काका म्हणाले, "तुम्ही आजपासूनच सुरू करता का?"