हस्तपत्रिकेवर न छापलेलं साल

[काळोख. मग छप्पर जळून गेलेला मंच, वर आकाश.]

8 ऑगस्ट 2024ची रात्र. कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह पेटलं होतं. राजर्षी शाहू महाराजांनी उभारलेली, 1915 पासूनची वास्तू. दुसऱ्या दिवशी खुद्द गायक-नट केशवरावांची जयंती.

वास्तू पुन्हा बांधता येते. तिची मापं, नकाशे, फोटो असतात. केशवरावांच्या नाटक मंडळीचं मात्र तसं नाही.

[जुनी ट्रंक. झाकण उघडतं.]

ललितकलादर्श. स्थापना 1 जानेवारी 1908, हुबळी. मालक केशवरावांचं वय अवघं सतरा. लहानपणीच स्वदेशहितचिंतक मंडळीत ‘शारदा’ नाटकातली शारदा म्हणून गाजलेला हा पोरगा आता स्वतःचं बिऱ्हाड घेऊन निघाला. बिऱ्हाडच म्हणायचं. नट, साथीदार, आचारी, पडदे, दागिन्यांच्या पेट्या, सगळं या मुक्कामाहून त्या मुक्कामाला. अशा धावपळीत कागद कोण जपणार? पाऊस आला की आधी पडदे झाकायचे.

तरीही काही कागद उरतात. ही पाहा, नक्कल. अख्खं नाटक नव्हे, एकाच नटाचं काम. स्वतःची भाषणं, आणि त्याआधी समोरच्याच्या वाक्याचं नुसतं शेपूट, कुठे तोंड उघडायचं ते कळण्यापुरतं. एकटी नक्कल वाचणं म्हणजे फोनवर बोलणाऱ्याचं एका बाजूचं बोलणं ऐकणं.

मग हिशेबाच्या वह्या. संहिता छापली जाते, तिच्या प्रती निघतात. हिशेबाची वही एकच असते. म्हणून ती हाती लागली, तर मला संहितेपेक्षा तिचाच आनंद जास्त होतो. कोणत्या गावी किती दिवस मुक्काम पडला आणि कुठून अंगावर कर्ज घेऊन निघावं लागलं, हे तीच सांगते.

[हस्तपत्रिका. कॅमेरा तारखेवर थांबतो.]

आणि हस्तपत्रिका. हिच्यावर वार असतो, तारीख असते, साल मात्र कित्येकदा नसतं. आज रात्रीच्या खेळाला साल कशाला हवं?

समजा, अशीच एक हाती आली. ‘शुक्रवार, ता. 8 जुलै. मानापमान. धैर्यधर, केशवराव भोसले. भामिनी, बालगंधर्व.’ आता पंचांग काढा. 8 जुलैला शुक्रवार 1910 साली होता, मग 1921 साली, मग 1927 साली. 1910 मध्ये मानापमान रंगभूमीवर आलंच नव्हतं. ते 1911 चं. 1927 मध्ये केशवराव हयात नव्हते. उरलं 1921.

तोच तो संयुक्त मानापमान! केशवरावांची ललितकलादर्श आणि बालगंधर्वांची गंधर्व नाटक मंडळी, या दोन प्रतिस्पर्धी मंडळ्या टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईत एका मंचावर आल्या. त्यानंतर तीन महिनेसुद्धा झाले नाहीत. 4 ऑक्टोबरला केशवराव गेले. वय एकतीस.

मंडळी बापूराव पेंढारकरांनी सांभाळली. ‘सत्तेचे गुलाम’ हे नाटक 1922 चं, त्यांच्याच काळातलं. 1937 मध्ये तेही गेले.

[स्पूल फिरतोय. खरखर.]

पुढे त्यांच्या मुलानं, भालचंद्र पेंढारकरांनी, मंडळी पुन्हा उभी केली. वेळेचे कमालीचे पक्के. त्यांची तिसरी घंटा कुणासाठी थांबायची नाही. ‘पंडितराज जगन्नाथ’मधले पंडितराज म्हणून ते लोकांच्या लक्षात आहेतच. त्यांनी आणखी एक काम केलं, ज्याला टाळ्या पडत नाहीत. नाटकं टेपवर घेऊन ठेवली.

टेपवर काय येतं, ते नक्कल दाखवू शकत नाही. नकलेत पद एकदाच लिहिलेलं असतं. खेळात ते संपतं, टाळ्या पडतात, कुणीतरी ओरडतं, ‘वन्स मोअर!’ पेटीवाला पुन्हा सूर धरतो, आणि नट मघाचीच ओळ वेगळ्या जागेवरून उचलतो.

8 जुलै 1921 च्या रात्री असे किती वन्स मोअर पडले असतील? त्या रात्रीची टेप नाही.

[खरखर चालू राहते. पडदा काळा.]