‘मला पण घ्या ना’: मुलांचं बोलणं तपासायचं कुठे?

(प्राथमिक शिक्षक आणि पालक यांच्यासमोर एका वाचा-भाषा उपचारतज्ज्ञांनी दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या वर्गात असं एक मूल असेल. कविता घडाघडा म्हणतं, वाचन चोख, शब्द वयाच्या पुढचे. पण मधल्या सुट्टीत एकटं. डायनासोरचा विषय निघाला की थांबतच नाही; समोरचा डबा उचलून दुसरीकडे जाऊन बसला तरी याचं सुरूच. पालकांना सांगावं, तर ते म्हणतात, ‘अहो, भरपूर बोलतो की!’ बोलतो हे खरंच आहे. त्या बोलण्याचा समोरच्या माणसाशी मेळ बसतो का, हे मला बघायचं असतं. पाळी घेणं, विषय धरून ठेवणं, ऐकणाऱ्याला काय ठाऊक आहे याचा अंदाज घेणं, आडून बोललेलं कळणं, बोलणं फिसकटलं तर सावरून घेणं, हे सगळं सामाजिक भाषेत येतं.

याच्या चाचण्या आहेत. चित्र दाखवायचं आणि विचारायचं, ‘हिनं आता काय म्हणायला हवं?’ हुशार मूल माझ्या खोलीत पटकन सांगतं, ‘सॉरी म्हणायचं.’ तेच मूल मैदानात दुसऱ्याचा पाय तुडवून सरळ पुढे जातं. काय म्हणायचं हे माहीत असणं आणि गोंगाटात, धावपळीत, वेळेवर ते तोंडातून निघणं यांत फार अंतर आहे. शिवाय माझी खोली शांत, समोर एकच मोठं माणूस, तेही त्याचं ऐकून घ्यायलाच बसलेलं. मुलाला जे जड जातं ते सगळं आम्ही आधीच दाराबाहेर ठेवतो आणि मग म्हणतो, चाचणीत तर छान गुण पडले!

ब्रिटनमधल्या मानसशास्त्रज्ञ डोरोथी बिशप यांनी म्हणून वेगळी वाट धरली. त्यांची मुलांच्या संवादाची तपासणीसूची 1998 साली आली, सुधारित आवृत्ती 2003 मध्ये. तिच्यात 70 विधानं आहेत आणि ती भरायची ती मुलाला रोज बघणाऱ्या माणसानं, बहुधा पालकांनी. कल्पना उत्तम आहे. पण तिचे निकष ब्रिटिश मुलांवरून ठरले आहेत. ते गुण जसेच्या तसे सांगलीच्या किंवा डोंबिवलीच्या मुलाला लावायचे नाहीत.

कारण सोपं आहे. आपल्याकडे आईनं ताट वाढलं म्हणून कोणी आभार मानत नाही. मानले तर आई विचारेल, ‘बरं आहे ना रे तुला?’ मोठे रागावत असताना मान खाली घालून उभं राहणं ही अनेक घरांत चांगली रीत मानतात. परक्या मापानं तीच नजर चुकवणं ठरते. अहो-जाहोचंही तसंच. आजीला अगं, बाबांना एका घरात अहो, शेजारच्या घरात अरे. पहिलीतलं मूल बाईंना ‘तू’ म्हणालं, तर आधी त्याच्या घरची रीत विचारा. घरी पावरी, कोरकू, गोंडी बोलणारं मूल शाळेच्या मराठीत अडखळत असेल, तर त्याच्या घरच्या भाषेत ते कसं बोलतं हे कळल्याशिवाय काहीही ठरवू नये. आणि सगळ्याच्या आधी कान तपासून घ्या. हे सांगायची गरज पडू नये, पण पडते.

मग बघायचं कसं? माझी सगळ्यात आवडती चाचणी फुकट आहे. मुलाला म्हणायचं, ‘मला लगोरी येत नाही, शिकव.’ बहुतेक मुलं आधी मध्येच कुठेतरी सुरू करतात: ‘मग तो पळतो आणि चेंडू मारतात.’ कोण पळतो? कोणाला मारतात? इथे मी काही सांगत नाही, नुसता गोंधळलेला चेहरा करते. आता खरी परीक्षा सुरू होते. एखादी मुलगी थांबते, म्हणते, ‘थांबा हं, आधी दोन टीम करायच्या,’ आणि ठिकऱ्या रचण्यापासून पुन्हा सुरुवात करते. तिला माझा चेहरा वाचता आला, आणि मला काय ठाऊक नाही तेही कळलं. दुसरा मुलगा तेच वाक्य तसंच पुन्हा म्हणतो, फक्त मोठ्यानं. मी थेट विचारलं, ‘कोण पळतो?’ तर लगेच नीट सांगतो. म्हणजे माहिती आहे, भाषाही आहे. प्रश्न विचारला तर दुरुस्ती जमते, चेहऱ्यावरून जमत नाही. माझ्या अहवालात हे एक वाक्य असलं की बाईंना उद्यापासून काय करायचं ते कळतं. टक्केवारीतून ते कळत नाही.

वर्गात करता येण्यासारखं आणखी एक. दोन मुलांमध्ये दप्तर उभं करा. दोघांकडे त्याच वस्तू द्या: खोडरबर, बांगडी, काडेपेटी, शिंपला. एकानं मांडायचं आणि न दाखवता दुसऱ्याला सांगायचं. ‘हे इथे ठेव,’ असं सहा वर्षांचं मूल म्हणालं तर चिंता नको, त्या वयात ते चालतं. नऊ-दहा वर्षांचं मूल, समोरच्यानं दोनदा ‘कुठे?’ विचारूनही ‘इथे रे, इथे!’ म्हणत राहिलं, तर नोंद करा. ऐकणाऱ्याकडेही लक्ष ठेवा. ‘कळलं नाही’ असं म्हणणं हेही कौशल्य आहे, आणि आपल्या वर्गांत ते फारसं शिकवलं जात नाही.

आडून बोलणं तर रोजच तपासता येतं. ‘फार ऊन येतंय खिडकीतून’ म्हटल्यावर कोण उठतं आणि कोण नुसतं ‘हो’ म्हणतं? टोमणा मात्र लहान वयात कळेलच असं नाही; ‘वा, काय शहाणपणा केलास!’ यातली खोच समजायला पहिली-दुसरीत नुकती सुरुवात होत असते.

शेवटी मैदान. खेळ रंगात आला आहे आणि एकाला त्यात शिरायचं आहे. तो काय करतो? काही मुलं काठावर उभी राहतात, राज्य कोणावर आहे ते बघतात, मध्येच ‘अरे, तो तिकडे लपलाय!’ असं खेळातलंच काही बोलतात आणि मग ‘मला पण घ्या ना’. कच्चं लिंबू म्हणून का होईना, त्यांना घेतात. काही जण थेट चेंडू हिसकावतात. काही नुसतीच उभी राहतात आणि घंटा होते. तीन वेगवेगळ्या दिवशी दहा-दहा मिनिटं हे बघा आणि जे दिसलं तेच लिहा. ‘लाजाळू’, ‘हट्टी’, ‘आगाऊ’ असे शब्द लिहू नका. मूल काय म्हणालं, समोरच्यानं काय केलं, पुढे काय झालं, एवढंच. आणि दुसऱ्या बाजूचंही लिहा. स्वतः स्वमग्न (ऑटिस्टिक) असलेले ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ डेमियन मिल्टन यांनी 2012 मध्ये मांडलं, की अशा गैरसमजाला दोन टोकं असतात. स्वमग्न माणसाला इतर कळत नाहीत, तसा इतरांनाही तो कळत नाही. मला हे पूर्ण पटतं. त्यामुळे ‘डोळ्यांत बघून बोल’ हे उद्दिष्ट मी कुठल्याच मुलाच्या कागदावर लिहीत नाही.

निदानाचं काम तुमचं नाही. अमेरिकी मनोविकार संघटनेच्या 2013 च्या वर्गीकरणात सामाजिक संवादाची अडचण असं स्वतंत्र निदान आलं. पण ते करण्याआधी स्वमग्नता आहे का, हे बघावं लागतं, आणि त्यासाठी तज्ज्ञच हवेत. तुमच्या नोंदी मात्र तिथे सोन्याच्या मोलाच्या असतात. सरकारी शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून एकदा तपासणीला येतं. त्या दिवशी डॉक्टरांसमोर ते मूल कविता घडाघडा म्हणून दाखवेल. तेव्हा तुमची वही पुढे करा.