कामाच्या वाटेवरची पेटी

श्रोतेहो, नमस्कार. कामानिमित्त गाडीने गावोगाव फिरणाऱ्या माणसाला वाटेत स्वतःसाठी पाऊण तास काढता येतो का, हा आजचा विषय आहे, आणि त्यासाठी मी इंग्लंडच्या डेव्हन परगण्यातील डार्टमूरच्या माळरानावरील लेटरबॉक्सिंग या छंदाविषयी बोलणार आहे. १८५४ साली चॅगफर्ड गावच्या जेम्स पेरट या वाटाड्याने क्रॅनमियर पूल या दुर्गम जागी एक बाटली ठेवली आणि तिथवर चालत येणारे तीत आपल्या नावाचे कार्ड टाकू लागले. पुढे वही आली, रबरी शिक्का आला, आणि आता अशा पेट्या माळभर दगडांआड दडलेल्या असतात. पेटीतला शिक्का आपल्या वहीत उमटवायचा आणि आपला शिक्का पेटीतल्या वहीत. पुन्हा सांगतो: पेटीचा शिक्का आपल्या वहीत, आपला शिक्का पेटीच्या वहीत.

प्लिमथहून मोरटनहॅम्पस्टेडच्या पलीकडील एका गोठ्यावर दूध काढण्याचे यंत्र दुरुस्त करण्यासाठी मी आणि माझे एक ज्येष्ठ सहकारी निघालो होतो. गाडीतले वाट दाखवणारे यंत्र हमरस्त्यानेच जा म्हणून बजावत होते, पण सहकाऱ्यांनी यॅल्व्हर्टनवरून गाडी सरळ माळावरच्या बी ३२१२ रस्त्याला घातली. (हमरस्त्यावर मिळणारा कागदी पेल्यातला चहा ज्याने प्यायला आहे, तो त्यांना दोष देणार नाही.) शार्पिटरच्या टेकडीपाशी उतरून त्यांनी खिशातून आदल्या रात्री उतरवून घेतलेली चिठ्ठी काढली. प्रिन्सटाउनजवळचा उंच मनोरा २६ अंशांवर आणि शीप्स टॉरचा (टॉर म्हणजे माळावरची खडकाळ टेकडी) माथा १६२ अंशांवर दिसेल तिथे उभे राहावे, एवढेच तीत होते. होकायंत्र हातात धरून आम्ही दोन पावले पुढे, एक पाऊल मागे असे सरकत राहिलो, आणि अखेर एका कलत्या दगडाच्या पोटात, शेवाळाआड, औषधाच्या गोळ्यांची पांढरी डबी सापडली. आत दमटपणाने फुगलेली चिमुकली वही होती आणि माळावरच्या तट्टाचे चित्र कोरलेला शिक्का होता. सहकाऱ्यांनी आपला शिक्का ऐटीत उमटवला. मी नवखा, माझ्याकडे शिक्का कुठून असणार? तेव्हा सही करता येत असूनही मी अंगठेबहाद्दर झालो आणि निळ्या शाईचा अंगठा त्या वहीत ठेवून दिला.

ती शाई पुसता पुसेना. गोठ्यावर पोहोचल्यावर मालकीणबाईंनी हस्तांदोलनासाठी पुढे केलेला हात मध्येच थांबवला, माझा अंगठा उलटसुलट न्याहाळला आणि यंत्राविषयी अवाक्षर न काढता विचारले, “कोणता टॉर?” मग काय, बाई घरात जाऊन शिक्क्यांनी भरलेली जाडजूड वही घेऊन आल्या, सहकारी गाडीतून आपली घेऊन आले, आणि दोघेही गोठ्याच्या कठड्यावर वह्या पसरून बसले. गाई दुधासाठी हंबरत होत्या, म्हणून यंत्राची रबरी नळी मी एकट्याने बदलली. बाईंनी स्वतःही एक पेटी लपवली होती, पण ती कुठे, हे त्यांनी चहाच्या दुसऱ्या फेरीनंतरही सांगितले नाही.

आता थोडक्यात पथ्ये. कामाच्या दिवशी एकच पेटी धरावी आणि तीही रस्त्यालगतची. एकच, आणि रस्त्यालगतची. क्रॅनमियर पूल त्यासाठी नव्हे, कारण तो लष्कराच्या गोळीबाराच्या पट्ट्यात येतो आणि तेथे लाल निशाण दिसले की आत जाता येत नाही. हिवाळ्यात चार-साडेचारलाच अंधारू लागते, तेव्हा पेटी कामाच्या आधी उरकावी, नंतरसाठी ठेवू नये. माळावरच्या मोकळ्या रस्त्यांवर ताशी ४० मैलांची मर्यादा आहे आणि तट्टे व मेंढ्या खुशाल मध्ये उभ्या असतात, म्हणून वेळेचा हिशोब सैल धरावा. प्राचीन वर्तुळांचे किंवा कुंपणाचे दगड हलवू नयेत, आणि डबी जशी होती तशीच, झाकण घट्ट लावून, परत ठेवावी. गाडीत बुटांचा दुसरा जोड मात्र अवश्य असू द्यावा. गोठ्यात चिखलाचे बूट खपून जातात, पुढची भेट बँकेत असेल तर तिथल्या गालिच्यावर ते खपत नाहीत. नमस्कार.