स्विच बंद, पण वीज?

(चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, तोंडावर गोव्यात फोंडा तालुक्यातल्या एका वाचनालयात दिलेल्या व्याख्यानातून)

मंडळी, मिक्सरचं पातं अडकलं तर तुम्ही काय करता? स्विच बंद करता आणि बोट घालता. तेवढं पुरत नाही, आधी प्लग उपसायला हवा.

भिंतीवरचा साधा स्विच दोन तारांपैकी एकच तोडतो. ती फेजची, म्हणजे वीज आणणारी, असेल तर ठीक. पण जुन्या घरांत, खोल्या वाढवत नेलेल्या वायरिंगमध्ये, फेज आणि न्यूट्रल, म्हणजे परतीची तार, उलटे जोडलेले सापडतात. मग स्विच बंद, मिक्सर गप्प, आणि मोटरीपर्यंत २३० व्होल्ट तसेच. घरी जाऊन टेस्टर लावून बघा. सॉकेटचं मोठं भोक वर असताना उजव्या भोकात दिवा पेटायला हवा आणि स्विच बंद करताच विझायला हवा. डाव्या भोकात पेटला तर वायरमनला बोलवा. प्लग उपसला की मात्र दोन्ही तारा एकदम सुटतात, फेज कुठेही असो.

उपसायचा कसा? आधी स्विच बंद, मग प्लगचं डोकं धरून. वायर ओढली की आतला स्क्रू ढिला होतो. मिक्सर चालू असताना उपसला तर आत ठिणगी पडते आणि पिना काळ्या होतात.

तीन पिनांच्या प्लगमधली जाड पिन अर्थिंगची, म्हणजे पत्र्यात उतरलेली वीज जमिनीत नेणारी. ती इतर दोघींपेक्षा लांब असते. प्लग घालताना अर्थिंग आधी जोडलं जावं, काढताना शेवटी सुटावं, म्हणून. ती कापून प्लग दोन भोकांत बसवणारे महाभाग आपल्यातच आहेत! मग फ्रिजचा पत्रा झिणझिण्या देतो आणि घरात म्हणतात, ‘पावसात तो जरा मारतोच.’

आपल्या खाऱ्या, दमट हवेत पितळी पिनांवर हिरवट थर चढतो. पकड सैल होते, प्लग तापतो, कडा तपकिरी पडते. अशा वेळी नुसता प्लग बदलून भागत नाही, सॉकेटही बदला.

‘मेन पाडलाय, आता भीती नाही,’ हे इन्व्हर्टर येण्याआधीचं बोलणं. मेन पाडला की इन्व्हर्टरला वाटतं लाइट गेली, आणि तो इमानदारीत चालू होतो. त्याच्यावरचे पॉइंट जिवंतच राहतात.

आता चवथीच्या दिव्यांच्या माळा. दोन पिनांचा प्लग उलटसुलट कसाही बसतो, त्यामुळे वायरीवरचा छोटा स्विच कुठली तार तोडतोय याचा नेम नाही. माटोळीजवळचा, म्हणजे गणपतीवर टांगलेल्या फळाफुलांच्या चौकटीजवळचा, दिवा बदलायचा तर माळ उपसूनच.

एकांची चिठ्ठी आलीय: गिझरला प्लगच नाही, काय उपसू? त्याला फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा डबल पोल स्विच लागतो. तो बाथरूमच्या बाहेर, हात सहज पोचेल असा बसवून घ्या. दुरुस्तीवाला आला की तो बंद करा आणि झाकण काढल्यावर आत हात घालण्याआधी त्याला टेस्टर लावायला सांगा.